‘जोखीम चार टक्के’ म्हणजे नेमके काय? हृदयशस्त्रक्रियेपूर्वीच्या शंका

मागील अंकात बायपासनंतरच्या आहाराविषयी लिहिले होते, तेव्हा शंकाही त्याविषयीच येतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेली बहुतेक पत्रे शस्त्रक्रियेच्या आधीच्या दिवसांविषयी आहेत. डॉक्टर टक्केवारी सांगतात, तपासण्या वाढवतात, कधी तारीख पुढे ढकलतात, आणि या सगळ्यामागचा विचार घरच्यांपर्यंत पोहोचत नाही, अशी तक्रार बहुतेक पत्रांत आहे. ती रास्त आहे. पत्रांतील रुग्णालयांची आणि डॉक्टरांची नावे गाळली आहेत. ज्यांनी रुग्णाला आणि त्याच्या कागदपत्रांना प्रत्यक्ष तपासले आहे, त्या डॉक्टरांचा सल्ला या उत्तरांहून वरचा मानावा.

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. अडीच महिन्यांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. अँजिओग्राफीत तिन्ही रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले आणि पंपिंग (हृदय प्रत्येक ठोक्याला आतले किती रक्त बाहेर ढकलते ते प्रमाण) ३० टक्के आहे असे सांगितले. सोलापुरातील सर्जननी बायपासची जोखीम ४ टक्के सांगितली, पुण्याच्या रुग्णालयात २ टक्के सांगितली. यांतला खरा आकडा कोणता, आणि आम्ही पुण्याला जावे काय?
(एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. लहान आकडा सांगणारे रुग्णालय अधिक चांगले, असा अर्थ मात्र त्यातून काढू नये.

हृदयशस्त्रक्रियेची जोखीम मोजण्याच्या दोन पद्धती सर्वत्र वापरल्या जातात : युरोपात तयार झालेला ‘युरोस्कोर’ आणि अमेरिकेतील छातीच्या सर्जनांच्या संघटनेचा ‘एसटीएस स्कोर’. युरोस्कोरची पहिली आवृत्ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. पुढच्या दहा-बारा वर्षांत शस्त्रक्रिया, भूल आणि अतिदक्षता विभागातील शुश्रूषा इतकी सुधारली की ते गणित प्रत्यक्षात होतात त्यापेक्षा जास्त मृत्यू वर्तवू लागले. म्हणून २०१० साली ४३ देशांतील १५४ रुग्णालयांतून २२,३८१ रुग्णांची माहिती जमवून ‘युरोस्कोर दोन’ बांधला गेला आणि तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. या रुग्णांपैकी प्रत्यक्षात ३.९ टक्के दगावले होते. त्याच रुग्णांना जुनी पद्धत लावून पाहिली, तेव्हा तिच्या साध्या बेरजेने ५.८ टक्के आणि तिच्याच अधिक किचकट सूत्राने सुमारे ७.६ टक्के असे उत्तर आले. माणसे तीच, माहिती तीच, आणि अंदाज जवळजवळ दुप्पट. त्यामुळे डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारावा की आकडा कोणत्या पद्धतीने आणि तिच्या कोणत्या आवृत्तीने काढला आहे.

दुसरे कारण आपल्या वडिलांच्या कागदांतच आहे. युरोस्कोर दोनमध्ये पंपिंगचे चार गट आहेत : ५० च्या वर, ३१ ते ५०, २१ ते ३०, आणि २० किंवा त्याहून कमी. इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, तपासणी डोळ्यांच्या अंदाजावर बरीच अवलंबून असते आणि एकाच रुग्णाच्या दोन इकोंमध्ये पाचेक अंकांचा फरक सहज पडतो. सोलापुरातील इकोत ३० आणि पुण्यातील इकोत ३५ आले असेल, तर वडील एका गटातून दुसऱ्या गटात गेले, आणि केवळ तेवढ्यानेच अंदाज दीडपटीहून अधिक बदलतो. झटक्याचेही तसेच आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या ९० दिवसांत झटका आला असेल तर तो हिशेबात धरला जातो. आपण लिहिता की अडीच महिने झाले, म्हणजे आणखी काही दिवसांनी वडिलांच्या प्रकृतीत काहीही न बदलता आकडा किंचित उतरेल. शिवाय युरोस्कोर त्या रुग्णालयात असतानाच होणारा मृत्यू मोजतो, तर एसटीएस स्कोर तीस दिवसांच्या आत घरी गेल्यावर झालेला मृत्यूही धरतो.

आता ४ टक्क्यांचा अर्थ. वय, पंपिंग, मूत्रपिंड वगैरे बाबतींत वडिलांसारख्याच असलेल्या शंभर रुग्णांची शस्त्रक्रिया झाली, तर त्यांपैकी अंदाजे चार जण घरी परतणार नाहीत आणि शहाण्णव परततील. वडील चारांतले की शहाण्णवांतले, हे कोणतेही गणित सांगू शकत नाही. नातेवाईक ४ आणि २ या आकड्यांची तुलना भाजीच्या भावासारखी करतात, तेव्हा मला अवघडल्यासारखे होते, कारण जी तुलना खरोखर करायला हवी ती राहूनच जाते. ती म्हणजे शस्त्रक्रिया केल्याची जोखीम आणि न केल्याची जोखीम यांची.

पंपिंग ३५ किंवा त्याहून कमी आणि रक्तवाहिन्यांत अडथळे असलेल्या १,२१२ रुग्णांचा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास झाला. त्यात निम्म्या रुग्णांना औषधांसोबत बायपास आणि उरलेल्यांना केवळ औषधे देण्यात आली. पहिल्या महिन्यात बायपास झालेल्यांतले मृत्यू जास्त होते. दहा वर्षांचा हिशेब २०१६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा केवळ औषधांवर असलेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के आणि बायपास झालेल्यांपैकी सुमारे ५९ टक्के दगावलेले होते. आज पत्करायची जोखीम आणि पुढच्या वर्षांत मिळणारा लाभ यांचा हा व्यवहार आहे. ‘घरीच राहिलो तर धोका शून्य’ हे गृहीत यात कुठेच बसत नाही.

पुण्याला जावे की नाही, याचे उत्तर स्कोरमध्ये नाही. साधी, ठरवून केलेली बायपास नियमितपणे होत असेल, तर गावातले रुग्णालय उत्तम. रात्री-बेरात्री नातेवाईक पोहोचू शकतात आणि टाके तपासायला अडीचशे किलोमीटर जावे लागत नाही. मात्र पंपिंग ३० असताना काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. हृदयाला तात्पुरता आधार देणारा बलूनचा पंप तिथे आहे काय, गरज पडल्यास डायलिसिस अतिदक्षता विभागातच होते काय, आणि रात्री हृदयशस्त्रक्रियेचा अनुभव असलेला डॉक्टर प्रत्यक्ष हजर असतो की फोनवर. वर्षभरात अशा किती बायपास झाल्या आणि त्यांचे काय झाले, हेही विचारायला संकोच करू नये. चांगल्या चमूकडे या प्रश्नाचे उत्तर तयार असते.

प्रश्न : सासूबाई ७२ वर्षांच्या, वजन ४५ किलो. लहानपणापासून विड्या वळल्या, मिश्रीची सवय आहे. त्यांच्या हृदयाची झडप बदलायची आहे. क्रिएटिनिन १.२ आले आणि रिपोर्टवर ते जवळजवळ नॉर्मल दिसते, तरी डॉक्टर म्हणतात की मूत्रपिंडे अशक्त आहेत आणि त्यामुळे जोखीम वाढते. फुप्फुसांची तपासणीही करायला सांगितली आहे. त्यांना दमा नाही. हे सर्व खरेच आवश्यक आहे काय?
(एक वाचक, कुंभारी)

उत्तर : आपल्या डॉक्टरांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. क्रिएटिनिन हा स्नायूंतून तयार होणारा पदार्थ आहे. ज्यांच्या अंगावर स्नायू कमी, त्यांच्या रक्तात तो मुळातच कमी असतो. त्यामुळे किडकिडीत, वयस्क बाईच्या मूत्रपिंडांचे काम निम्म्याहून कमी झाले तरी रिपोर्टवरचा आकडा निरुपद्रवी दिसतो. म्हणून जोखमीच्या गणितात नुसते क्रिएटिनिन धरत नाहीत. वय, वजन आणि लिंग मिळवून मूत्रपिंडे मिनिटाला किती रक्त स्वच्छ करतात, याचा अंदाज काढतात. सूत्र सोपे आहे : १४० मधून वय वजा करावे, त्याला किलोतील वजनाने गुणावे, आणि येणाऱ्या संख्येला क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागावे. स्त्रियांसाठी उत्तराला ०.८५ ने गुणावे.

सासूबाईंसाठी हे उत्तर साधारण ३० येते. आता चाळीस वर्षांचा, ७५ किलोचा पुरुष घ्या आणि क्रिएटिनिन तेच १.२ ठेवा. त्याचे उत्तर ८७ च्या आसपास येते. युरोस्कोर दोनमध्ये ८५ च्या वर असेल तर मूत्रपिंडांमुळे जोखीम वाढत नाही, ५० ते ८५ मध्ये थोडी वाढते, आणि ५० किंवा त्याखाली गेल्यास दुपटीहून अधिक होते. रिपोर्टवर एकच आकडा छापलेली ही दोन माणसे जोखमीच्या दोन टोकांना उभी आहेत.

शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर असताना मूत्रपिंडांना मिळणारा रक्तपुरवठा नेहमीसारखा नसतो. आधीच अशक्त असलेली मूत्रपिंडे अशा वेळी काम थांबवू शकतात आणि काही दिवस डायलिसिसची गरज पडू शकते. अँजिओग्राफीत वापरलेल्या औषधाचाही त्यांच्यावर ताण येतो. म्हणून अँजिओग्राफी आणि शस्त्रक्रिया यांच्यामध्ये काही दिवस जाऊ देऊन क्रिएटिनिन पुन्हा पाहण्याची पद्धत आहे. घरी करण्यासारखी गोष्ट म्हणजे वेदनाशामक गोळ्या बंद ठेवणे. दिवसभर सूप मांडीवर घेऊन बसणाऱ्या विडी कामगार स्त्रियांची मान, कंबर आणि गुडघे दुखतात, आणि औषधाच्या दुकानातून दोन-दोन गोळ्या आणून वर्षानुवर्षे घेतल्या जातात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडांना अपायकारक ठरतात. सासूबाई त्या घेत असतील तर सर्जनना आणि भूलतज्ज्ञांना आजच सांगावे. बहुतेक घरांत ही गोष्ट औषधांच्या यादीत कधी लिहिलीच जात नाही, कारण ती ‘औषध’ वाटत नाही.

फुप्फुसांविषयी. ‘दमा नाही’ याचा अर्थ बहुधा ‘श्वासाचा पंप घेत नाहीत’ एवढाच असतो. गंमत अशी की युरोस्कोरही तसेच समजतो. फुप्फुसांच्या आजारासाठी दीर्घकाळ पंप किंवा स्टेरॉइड चालू असेल तरच तो हा आजार हिशेबात धरतो. तंबाखूच्या धुळीत आयुष्य काढलेली, कधीच तपासणी न झालेली बाई त्याच्या लेखी निरोगी फुप्फुसांची ठरते. फुंकून करायची तपासणी, म्हणजे पीएफटी, हीच उणीव भरून काढण्यासाठी आहे. ती करून घ्यावी.

तारीख दोन-तीन आठवडे दूर असेल तर हा काळ कामी लावता येतो. नेदरलँड्समधील एका अभ्यासात बायपासपूर्वी किमान दोन आठवडे श्वास आत ओढण्याच्या स्नायूंना रोज व्यायाम दिला, तेव्हा जोखमीच्या रुग्णांतील शस्त्रक्रियेनंतरच्या फुप्फुसांच्या तक्रारी ३५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्या. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. फिजिओथेरपिस्टकडून हा व्यायाम शिकून घ्यावा. श्वासाच्या व्यायामाचे तीन चेंडूंचे यंत्र अनेक घरांत आणले जाते आणि उलटे, म्हणजे फुंकून वापरले जाते. त्यातून श्वास आत ओढायचा असतो. मिश्री मात्र आजपासून बंद. धूर नसला तरी निकोटीन आहेच, आणि ते रक्तवाहिन्या आवळते.

प्रश्न : वडिलांना बीपी नाही, कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे. तरी जोखीम ‘मध्यम’ का लिहिली?
(एक वाचक, मोहोळ)

उत्तर : कारण युरोस्कोर दोनमध्ये बीपी आणि कोलेस्टेरॉल यांना जागाच नाही. या दोन गोष्टींमुळे हृदयाचा आजार होतो, पण शस्त्रक्रियेतून माणूस तरून जातो की नाही हे ठरते ते वय, मूत्रपिंडे, पंपिंग, फुप्फुसांतील रक्तदाब, आधी हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे काय, किती मोठी शस्त्रक्रिया करायची आहे आणि ती किती तातडीने करावी लागत आहे, अशा बाबींवर. मधुमेहही इन्सुलिन चालू असेल तरच गणला जातो. एसटीएस स्कोर बीपीची नोंद घेतो.

प्रश्न : वडील ७९ वर्षांचे. महाधमनीची झडप फार अरुंद झाली आहे, जिना चढताना धाप लागते आणि एकदा शेतात चक्कर येऊन पडले. स्कोर फारसा वाईट नाही असे सांगतात, तरी एका डॉक्टरांनी त्यांना नुसते चालायला लावले आणि म्हणाले, पुन्हा विचार करू. नातेवाईक म्हणतात, या वयात चिरफाड नको. आम्ही काय करावे?
(एक वाचक, बार्शी)

उत्तर : ज्या डॉक्टरांनी वडिलांना चालायला लावले, त्यांच्याकडे पुन्हा जावे, असे मी प्रथम सुचवेन.

नातेवाइकांच्या सल्ल्याबद्दल आधी लिहितो. या झडपेच्या आजाराची चाल वैद्यकशास्त्राला चांगली माहीत आहे. लक्षणे सुरू होईपर्यंत माणूस वर्षानुवर्षे ठीक असतो आणि ती सुरू झाली की उतार वेगाने लागतो. झडप बदलली नाही, तर छातीत दुखू लागल्यापासून सरासरी आयुष्य पाच वर्षे, चक्कर येऊन पडल्यापासून तीन, आणि धाप लागू लागल्यापासून दोन, असा १९६८ सालापासून शिकवला जाणारा ठोकताळा आहे. वडिलांना यांतली दोन लक्षणे आहेत. ‘या वयात नको’ म्हणणाऱ्यांना काळजी आहे हे खरे, पण त्यांच्या पर्यायाचीही किंमत आहे आणि ती त्यांनी मोजलेली नाही.

आता चालण्याविषयी. स्कोरला वय कळते. साठीनंतरच्या प्रत्येक वर्षागणिक तो जोखीम थोडी वाढवतो. परंतु ७९ वर्षांची दोन माणसे किती वेगळी असतात! एक जण पहाटे उठून गुरांना वैरण घालून येतो, आणि दुसऱ्याला अंघोळीला धरून न्यावे लागते. युरोस्कोरमध्ये हालचालीचा एक रकाना आहे खरा, पण तो सांधे, स्नायू किंवा मज्जातंतूंच्या आजारामुळे चालणे फारच अडले असेल तरच भरला जातो. भूक मंदावणे, न सांगता वजन उतरणे, हाताची पकड सैल होणे, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागणे, विसरभोळेपणा, रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असणे, यांपैकी काहीच त्याला दिसत नाही. यकृताचा सिरॉसिसही त्यात मोजला जात नाही, आणि सर्जनच्या दृष्टीने ती लहान गोष्ट नाही.

चालण्याचा वेग ही या सर्वांवरची अगदी साधी कसोटी आहे. उत्तर अमेरिकेतील चार रुग्णालयांत सत्तरी ओलांडलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी पाच मीटर चालायला लावण्यात आले. ज्यांना सहा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला, त्यांच्यात मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत होण्याची शक्यता सुमारे तिपटीने अधिक आढळली. हा अभ्यास २०१० सालचा आहे. ही कसोटी आपण घरीही पाहू शकता. ओसरीवर खडूने पाच मीटरच्या दोन खुणा कराव्यात, दोन्ही बाजूंना चार पावले मोकळी सोडावीत, आणि वडिलांना नेहमीच्या चालीने तीनदा चालू द्यावे. स्पर्धा लावू नये. धाप लागत असताना किंवा चक्कर येत असल्यास हा प्रयोग करू नये. केल्यास सोबत माणूस असावा.

वेग कमी आला म्हणजे दार बंद झाले असे नाही. कदाचित वेगळे दार उघडावे लागेल. मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी घालून छाती न उघडता झडप बसवण्याची पद्धत, जिला टावी म्हणतात, ती फ्रान्समध्ये २००२ साली प्रथम वापरली गेली, आणि आज अशा रुग्णांसाठी ती प्रस्थापित उपचार आहे. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे साधारण ७० वर्षांपुढील, तसेच शस्त्रक्रियेची जोखीम अधिक असलेल्या रुग्णांसाठी तिला पसंती देतात. अमेरिकेतील तत्त्वे ८० च्या पुढे तिला झुकते माप देतात आणि ६५ ते ८० मध्ये रुग्णासोबत बसून निर्णय घ्यायला सांगतात. खर्च मोठा आहे आणि प्रत्येकाच्या रक्तवाहिन्या तिला योग्य नसतात, म्हणून त्यासाठी वेगळा सीटी स्कॅन करावा लागतो. वडिलांची कागदपत्रे सर्जन आणि अँजिओप्लास्टी करणारे डॉक्टर यांनी एकत्र बसून पाहावीत, अशी विनंती आपण करू शकता. दोघांकडे वेगवेगळे गेल्यास दोघेही आपापल्या हातातले कौशल्य सुचवतात. यात अप्रामाणिकपणा नसतो, सवय असते.

प्रश्न : पतीची बायपास ठरली होती. दाखल झाल्यावर तीन महिन्यांची शुगर ९.८ निघाली, हिमोग्लोबिन ९.६ आणि दोन दाढा किडलेल्या. तीन आठवड्यांनी या म्हणून परत पाठवले. एवढ्या दिवसांत काही झाले तर जबाबदार कोण? आणि तीन आठवड्यांत ९.८ चे ७ होणार आहे काय?
(एक वाचक, अक्कलकोट रोड)

उत्तर : आपला दुसरा प्रश्न फार मार्मिक आहे. नाही, होणार नाही. ही चाचणी तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि त्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून तीन आठवड्यांत आकडा थोडाच हलेल. तो पुन्हा मोजून ‘अजून ९ आहे’ म्हणत पुन्हा तारीख ढकलण्यात अर्थ नाही. तीन आठवड्यांत रोजची साखर मात्र निश्चित आटोक्यात येते, आणि जखम भरण्याच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. शस्त्रक्रियेच्या काळात ती १८० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो. ज्यांची साखर घरी रोज ३०० असते, त्यांच्यात तसे करणे कठीण जाते आणि छातीचे हाड व जखम चिघळण्याची भीती वाढते. गोळ्या थांबवून काही दिवस इन्सुलिन सुचवले, तर त्याला घाबरू नये.

हिमोग्लोबिनचा लाभ अधिक ठोस आहे. पुरुषांत ते १३ च्या खाली असेल तर पंडुरोग धरतात. ९.६ वर शस्त्रक्रिया केल्यास बाहेरचे रक्त जवळजवळ नक्कीच लागते, आणि ज्यांना अधिक रक्त द्यावे लागते त्यांच्यात मूत्रपिंडाच्या व जंतुसंसर्गाच्या तक्रारी अधिक दिसतात. मात्र पुरुषाचे हिमोग्लोबिन इतके का उतरले, याचा शोध घेतला गेला पाहिजे. हृदयाच्या आजारासाठी अॅस्पिरिन चालू असेल आणि जठरातून थेंब-थेंब रक्त जात असेल, तर शस्त्रक्रियेत द्यावे लागणारे हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारे औषध, तो रक्तस्राव वाढवील. शौचाचा रंग काळा आहे काय, एवढा साधा प्रश्नही अनेकदा विचारला जात नाही. लोहाची कमतरता निघाल्यास शिरेतून लोह देतात, आणि त्याचा परिणाम दिसायला साधारण एवढेच आठवडे लागतात. दाढांचा प्रश्न झडपेच्या शस्त्रक्रियेत कळीचा असतो, बायपासमध्ये त्यामानाने कमी.

आता पहिला प्रश्न. थांबणे सुरक्षित आहे की नाही, हे अडथळा कुठे आहे यावर ठरते. डाव्या बाजूच्या मुख्य रक्तवाहिनीच्या तोंडाशीच मोठा अडथळा असेल, किंवा बसल्या जागी छातीत कळा येत असतील, तर शुगरसाठी तीन आठवडे घरी पाठवणे योग्य नाही. अशा वेळी रुग्णालयातच ठेवून जे सुधारता येईल ते चार दिवसांत सुधारतात आणि पुढे जातात. दुखणे केवळ श्रम केल्यावर येत असेल, गोळ्यांनी आटोक्यात असेल आणि मुख्य वाहिनी मोकळी असेल, तर थांबण्यात लाभ आहे. अँजिओग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘लेफ्ट मेन’ या शब्दांपुढे काय लिहिले आहे, ते डॉक्टरांकडून समजून घ्यावे. आणि विश्रांतीत कळ आली, घाम फुटला, तर तारखेची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात न्यावे.

प्रश्न : शस्त्रक्रियेआधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किती दिवस बंद ठेवाव्यात? शेजारी म्हणतात आठवडाभर सगळ्याच बंद करा.
(एक वाचक, पंढरपूर)

उत्तर : शेजाऱ्यांचे ऐकू नये. क्लोपिडोग्रेल साधारण ५ दिवस, प्रासुग्रेल ७ दिवस आणि टिकाग्रेलॉर ३ ते ५ दिवस आधी थांबवतात. अॅस्पिरिन बहुतेक वेळा बायपासपर्यंत चालूच ठेवतात. नुकताच स्टेंट बसवला असेल किंवा कृत्रिम झडप असेल, तर गोळी परस्पर बंद केल्याने तिथे रक्ताची गाठ होऊन जीव जाऊ शकतो, म्हणून तारीख डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावी. मधुमेहाच्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या ३ दिवस आधी थांबवतात, कारण साखर नॉर्मल दिसत असतानाही त्यांच्यामुळे रक्तातील आम्ल वाढू शकते. काढे, भस्मे आणि गावठी औषधेही यादीत लिहावीत.

प्रश्न : आईची झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी आम्हा भावंडांना बाहेर बोलावून ६ टक्के जोखीम सांगितली. आई घाबरेल म्हणून तिला सांगितलेले नाही. सही मी करणार आहे. हे योग्य आहे काय?
(एक वाचक, मंगळवेढा)

उत्तर : आई शुद्धीवर आहे, तिला समजते आहे, तर संमती तिचीच हवी. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या निकालात हे स्पष्ट केले आहे की सज्ञान व सक्षम रुग्णाच्या ऐवजी नातेवाइकाची संमती चालत नाही आणि संमतीपूर्वी उपचाराचे स्वरूप, धोके व पर्याय यांची पुरेशी माहिती रुग्णाला दिलेली असली पाहिजे. आपली सही साक्षीदार म्हणून असू शकते.

कायदा बाजूला ठेवला तरी, ज्यांना काहीच सांगितलेले नसते अशा रुग्णांना मी ऑपरेशन थिएटरच्या दारात भूल देण्यासाठी भेटलो आहे, आणि त्यांची भीती टक्केवारी ऐकलेल्यांपेक्षा कमी मुळीच नसते. मुले बाहेर जाऊन कुजबुजतात आणि डोळे पुसून आत येतात, हे आईला दिसते. आकडा लगेच सांगायलाच हवा असे नाही. तिला किती जाणून घ्यायचे आहे, हे आधी तिलाच विचारावे. काही जणी म्हणतात, ‘मला खोलात नको, तुम्ही ठरवा’, आणि तोही तिचाच निर्णय असतो. काही जणी मात्र असा प्रश्न विचारतात जो आपल्यापैकी कोणालाच सुचलेला नसतो. लकवा मारून अंथरुणाला खिळले तर काय? ६ टक्क्यांच्या त्या आकड्यात याचे उत्तर नाही, कारण तो केवळ मृत्यूचा आहे. एसटीएस स्कोर पक्षाघात, डायलिसिस, लांबलेला व्हेंटिलेटर आणि पुन्हा छाती उघडावी लागणे यांचे वेगळे अंदाज देतो. ते मागून घ्यावेत आणि आईसमोर बोलावेत.

संमतीचा फॉर्म मराठीत मागावा. आपल्या जिल्ह्यात पुष्कळ घरांत वडीलधारी मंडळी तेलुगू किंवा कन्नड बोलतात. आईची भाषा तशी असेल, तर ती बोलणारी परिचारिका किंवा डॉक्टर त्या वेळी हजर असावेत, असे आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. ही बैठक संध्याकाळी, औषधांची गुंगी नसताना, चष्मा आणि ऐकण्याचे यंत्र लावलेले असताना व्हावी. भूलतज्ज्ञ साधारण त्याच सुमारास तपासायला येतात, तेव्हा आईच्या शंका त्यांच्यासमोरही काढता येतील.